पलंगापासून पलंगापर्यंत

दोंडाईच्यासारख्या गावात पेशंट वाहतुकीचा व्यवसाय उभा करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

आमच्या दोंडाईच्यात गाड्यांना तोटा नाही. मिरचीच्या हंगामात बाजार समितीच्या रस्त्याला पिकअप, छोटा हत्ती आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. सुरत-भुसावळ लाइनीवरचं स्टेशन आहे, एसटी स्टँड आहे, रिक्षा आहेत. तरीही खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हातारीला धुळ्याहून घरी आणायचं ठरलं की घरात धावपळ उडते. कोणाची तरी गाडी मागायची, मागच्या सीटवर गादी टाकायची, भाऊबंदांतली चार पोरं कामावरून थांबवायची आणि म्हातारीला कसंबसं आत सरकवायचं. गाडी दारात येऊन उभी राहते; पेशंटला पलंगावरून गाडीपर्यंत न्यायचं कसं, हे कोणालाच माहीत नसतं. मालपूरकडच्या एका आजीने तिच्या अहिराणीत मला सगळं एका वाक्यात सांगितलं होतं, "गाडी भेटस माय, पन उचलनारा भेटत नही."

मी सरकारी दवाखान्यांत स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी आले. डिस्चार्ज कार्डावर सही झाली की दवाखान्याच्या लेखी काम संपतं. घरच्यांचं काम तिथून सुरू होतं, हे मी वॉर्डाच्या दारात उभी राहून वर्षानुवर्षं पाहिलं. म्हणून माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मावशी, पेशंटच्या गाडीचा धंदा टाकायचा म्हणतो. ईको घेऊ का ट्रॅव्हलर?" तेव्हा मी त्याला सांगितलं, "गाडी सगळ्यात शेवटी घे. आधी पेशंट कोण, ते सांग."

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून जो आराखडा केला, तो इथे मांडते आहे. खान्देशात आणि बाहेरही अनेक तरुण या धंद्याचा विचार करताहेत. त्यांना तो उपयोगी पडावा, आणि ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना गाडी ठरवताना काय विचारायचं ते कळावं, एवढाच हेतू.

१०८ फुकट असताना पैसे कोण देईल?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ती ९३७ गाड्यांची. त्यांतल्या २३३ गाड्या ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या होत्या. गाडीत डॉक्टर असतो आणि सेवा पूर्ण मोफत आहे. अपघात, छातीत दुखणं, सर्पदंश, विषबाधा, अडलेलं बाळंतपण यांसाठी ती आहे. १०२ ची गाडी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तर बाळंतिणीला परत घरी सोडण्याचीही तरतूद आहे.

आता या दोन्हींत न बसणारे पेशंट मोजा. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारे, केमोथेरपीचे ठरलेले डोस घेणारे, लकवा झालेले, खुबा किंवा मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेले, एमआरआयसाठी जाऊन परत यायचं असलेले, मोठ्या शहरातून डिस्चार्ज घेऊन गावी यायचं असलेले. यांच्या जिवाला या घडीला धोका नसतो, म्हणून १०८ त्यांच्यासाठी नाही आणि नसावीही. डायलिसिसच्या रोजच्या फेरीत १०८ अडकली, तर शेतात साप चावलेल्या पोराला गाडी मिळणार नाही.

हे लोक जातात कसे? बहुतेक एसटीने. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. ही मोठी सोय आहे, आणि धंदा करणाऱ्याने ती आधी नीट लक्षात घ्यावी. ज्याला एसटीची पायरी चढता येते तो तुमचं गिऱ्हाईक नाही. तो एसटीनेच जाईल आणि जायलाही हवा. ज्याला ती पायरी चढता येत नाही, त्याच्यापुढे मात्र खासगी गाडी सोडली तर काही उरत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन मोफत होतं. त्या पॅकेजात घरी परतण्यासाठी एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं आहे. खुब्यात रॉड टाकलेल्या माणसाला ते भाडं हातात मिळालं, तरी एसटीच्या सीटवर बसता येत नाही. तुमच्या धंद्याची जागा नेमकी तिथे आहे.

पुढारलेल्या देशांनी ही गरज केव्हाच ओळखली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तातडीच्या ॲम्ब्युलन्सपेक्षा वेगळी अशी ठरलेल्या वेळेची पेशंट वाहतूक आहे. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत पेशंटला दवाखान्यापर्यंत पोचवण्याची सोय पाहणं राज्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे ही जबाबदारी अजून घरच्यांच्या खांद्यावर आहे.

फोनवर "नाही" म्हणता आलं पाहिजे

या धंद्यातलं पहिलं कौशल्य फोनवर लागतं. फोन उचलणाऱ्याच्या समोर एक कागद चिकटवलेला असावा आणि त्यावर ठरलेले प्रश्न. पेशंट शुद्धीवर आहे का? श्वासाला त्रास आहे का? छातीत दुखतंय का? तोंड वाकडं झालंय का, बोलणं अडखळतंय का, एक हात-पाय अचानक लुळा पडलाय का? रक्त जातंय का? झटके येताहेत का? बाई अडली आहे का?

यांतल्या एकाचंही उत्तर "हो" आलं, तर गाडी पाठवायची नाही. "आत्ता १०८ लावा, लागत नसेल तर मी लावून देतो," एवढंच बोलायचं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तो वेळ भाड्याच्या घासाघिशीत घालवणं हे पाप आहे. घरचे लोक ओळखीच्या गाडीवाल्याला आधी फोन करतात, कारण नंबर पाठ असतो. म्हणून ही जबाबदारी गाडीवाल्यावर येते. हातचं भाडं गेलं असं भाच्याला वाटलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, "ज्या घराला तू योग्य वेळी १०८ कडे पाठवलंस, ते घर पुढची दहा वर्षं तुलाच फोन करेल."

कुठून कुठे?

दोंडाईच्याहून धुळं साठेक किलोमीटर. तिथे १९८८ मध्ये सुरू झालेलं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखाने आहेत. नंदुरबार पस्तीस-चाळीस किलोमीटर. तिथेही २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तापी ओलांडून सारंगखेड्यावरून शहाद्याची बाजू. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. मालपूर, विखरण, निमगूळ अशा आजूबाजूच्या गावांचा ओढा दोंडाईच्याकडेच असतो.

लांबच्या फेऱ्यांत सुरतेचं स्थान पहिलं. उधना, लिंबायत, पांडेसरा हे सुरतेचे भाग खान्देशी माणसांनी भरलेले आहेत. इकडचा पेशंट मुलाकडे सुरतेला जाऊन उपचार घेतो आणि तिकडे कामाला असलेला माणूस आजारी पडला की गावाकडे यायला बघतो. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. नवापूरची सीमा ओलांडली की राज्य बदलतं, त्यामुळे गाडीचे सगळे कागद आणि पेशंटचं डिस्चार्ज कार्ड हाताशी असलंच पाहिजे. त्यानंतर नाशिक, आणि कॅन्सरच्या पेशंटसाठी मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल.

भाच्याला लांबच्या फेऱ्यांचं आकर्षण होतं, एकदम मोठं भाडं म्हणून. मी त्याला डायलिसिसकडे वळवलं. मुंबईची फेरी कधी येईल ते सांगता येत नाही. डायलिसिसचा पेशंट मात्र ठरल्या वारी, ठरल्या वेळी जातो आणि एका खेपेला चारेक तास मशीनवर असतो. आठवड्याला दोन डायलिसिस धरली तर महिन्याला आठ-नऊ फेऱ्या पक्क्या. तीन पेशंटचा एक गट सोमवार-गुरुवारी, दुसरा मंगळवार-शुक्रवारी, आणि बुधवार-शनिवार केमोथेरपी, फिजिओथेरपी, तपासण्या यांना मोकळे. सकाळी गटाला सोडलं की ते मशीनवर असेपर्यंत गाडी धुळ्यातच असते. त्या चार तासांत शहरातल्या शहरात एखादा डिस्चार्ज करता येतो.

मात्र डायलिसिसचा पेशंट जाताना जसा असतो तसा येताना नसतो. अंगातलं पाणी काढलेलं असतं, बीपी खाली आलेलं असतं, उठताना चक्कर येते. त्याला खुर्चीत बसवून गाडीपर्यंत न्यायचं, चालवत नाही. ज्या हातावर डायलिसिसची सुई टोचण्यासाठी फिस्टुला केलेला असतो, त्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही, त्यावर बीपीचा पट्टा बांधायचा नाही. सुई काढलेल्या जागेवरून वाटेत रक्त आलं, तर स्वच्छ गॉजने बोटांनी दाबून धरायचं आणि थांबत नसेल तर सरळ जवळच्या दवाखान्यात. ड्रायव्हरला हे माहीत नसेल, तर तो फक्त भाडं मारतो आहे.

उचलणारे हात

इथे जरा थांबते, कारण सगळा धंदा इथेच उभा राहतो किंवा बसतो.

आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. दाराला उंच ओटा, तीन-चार उभ्या पायऱ्या, आत अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला खोली. दवाखान्याचं लांब ट्रॉलीचं स्ट्रेचर त्या बोळात वळतच नाही. म्हणून गाडीत तीन गोष्टी लागतात: गाडीतलं मुख्य स्ट्रेचर, दोन भागांत उघडून पेशंटच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवता येणारं स्कूप स्ट्रेचर, आणि घडीची व्हीलचेअर. शिवाय जाड सुती चादरी.

खुब्याच्या पेशंटला पलंगावरून घेताना आम्ही वॉर्डात जे करायचो तेच घरात करायचं. आधी त्याला सांगायचं, की आता काय करणार आहोत. घाबरलेला माणूस अंग ताठ करतो आणि दुखणं दुप्पट होतं. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची, म्हणजे ऑपरेशन झालेला पाय आत वळत नाही. चादर लांबीत अर्धी गुंडाळून पेशंटच्या पाठीशी लावायची, त्याला डॉक्टरांनी सांगितलेल्या कुशीवर थोडं वळवायचं, गुंडाळी खालून पलीकडे ओढून घ्यायची आणि परत उताणं करायचं. मग दोन्ही बाजूंनी चादर अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरायची. एकाने डोक्याकडून मोजायचं, आणि "तीन" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम सरकवायचं. उचलणाऱ्याची कंबर सरळ, गुडघे वाकलेले. काखेत हात घालून पेशंट ओढायचा नाही. लकव्याच्या माणसाचा खांदा तेवढ्यानेही निखळू शकतो.

पायऱ्या उतरताना पेशंटचे पाय पुढे, चढताना डोकं पुढे. गाडीत चढवल्यावर पट्टे छातीवर, कमरेला आणि पायांवर, तिन्ही. लघवीची पिशवी हलवण्याआधी रिकामी करायची आणि पूर्ण वेळ कमरेच्या पातळीखाली लटकत ठेवायची, नाहीतर लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्ग होतो. लकव्याच्या पेशंटचं डोकं थोडं उंच, तोंडात लाळ साठत असेल तर मान एका बाजूला. मुंबईसारख्या लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी गाडी बाजूला घेऊन कूस बदलायची. पाठीला झालेली जखम भरायला महिने लागतात आणि ती होते काही तासांत.

हे शिकवता येतं. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स, रेड क्रॉस यांचे प्रथमोपचाराचे कोर्स आहेत. सीपीआर प्रत्येकाला आलाच पाहिजे: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल. उचलण्याचा सराव रोज करावा लागतो. भाच्याला आणि त्याच्या सोबत्याला मी आमच्याच ओट्यावर सराव करायला लावलं. स्ट्रेचरवर आळीपाळीने त्यांनाच झोपवलं. पट्टा ढिला राहिला की पायरीवर काय वाटतं, ते झोपणाऱ्याला लगेच कळतं.

माझा आग्रह आहे की सोबतीच्या माणसांत एक बाई असावी. बाईमाणसाला बेडपॅन देणं, कपडे सावरणं हे परक्या पुरुषाने करावं, हे आपल्याकडच्या किती तरी जणींना सहन होत नाही. संकोचापोटी त्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. नर्सिंग किंवा एएनएमचा कोर्स करून घरी बसलेल्या मुली प्रत्येक गावात आहेत. हा रोजगार त्यांचा आहे.

आता गाडी आणि तिचे कागद

आपल्या देशात ॲम्ब्युलन्ससाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. त्यात चार प्रकार येतात. ए म्हणजे सगळ्यांत आधी पोचणारं प्रथमोपचाराचं वाहन, बी म्हणजे पेशंट वाहतुकीची गाडी, सी बेसिक आणि डी ॲडव्हान्स लाइफ सपोर्टची. आपल्याला हवी ती बी. वाटेत तब्येत एकदम ढासळेल अशी शक्यता नसलेल्या पेशंटसाठीच ती आहे. व्हेंटिलेटरच्या पेशंटला ती चालत नाही, आणि गाडीवर "आयसीयू" असं रंगवून घेतल्याने ती आयसीयूची होत नाही.

ईकोसारखी छोटी गाडी गल्लीत शिरते आणि खर्चाला हलकी असते. पण आत उभं राहता येत नाही. लांबच्या फेरीत पेशंटची कूस बदलायला वाकून काम करावं लागतं. उंच टपाची ट्रॅव्हलर किंवा विंगर आत ऐसपैस, पण जुन्या गावातल्या बोळाच्या तोंडाशीच थांबणारी. फेऱ्या डायलिसिसच्या आणि जवळच्या असतील तर छोटी, सुरत-मुंबईच्या असतील तर मोठी. पेशंट आधी ठरला की गाडी आपोआप ठरते, ती अशी. एसी मात्र दोन्हींत चालू स्थितीत हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो. त्या उन्हात पत्र्याच्या डब्यातून डायलिसिसचा माणूस नेणं म्हणजे त्याचं उरलेलं बीपी रस्त्यात सांडणं.

गाडीची नोंदणी ॲम्ब्युलन्स म्हणूनच करावी. धुळ्याच्या परिवहन कार्यालयात एमएच १८ ची पासिंग होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार फक्त ॲम्ब्युलन्स म्हणून वापरल्या जाणाऱ्या गाडीला परमिट लागत नाही. ही सवलत "फक्त" या अटीवर आहे. तीच गाडी वऱ्हाडाला किंवा मालाला लावली की ती संपली. फिटनेस सर्टिफिकेट नव्या गाडीला दोन वर्षांचं, मग आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं योग्य लायसन्स यांत तडजोड नाही. राष्ट्रीय महामार्गावर ॲम्ब्युलन्सला टोल माफ आहे, आणि ॲम्ब्युलन्समधून पेशंट नेण्याच्या सेवेला जीएसटी लागत नाही. भाडं ठरवताना या दोन्ही गोष्टी धराव्यात. आरसीवर जितक्या जागा, तितकेच पेशंट आणि नातेवाईक. गटाने नेताना ताप-खोकल्याचा पेशंट इतरांबरोबर बसवायचा नाही.

सायरनबद्दल एक शब्द. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला कलम १९४-ई खाली दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याने एवढा मान दिला आहे, तर तो जपून वापरावा. स्थिर पेशंटला घेऊन जाताना सायरन वाजवत पळणारी गाडी लोकांचा विश्वास संपवते, आणि मग खऱ्या वेळी १०८ ला कोणी वाट देत नाही.

ऑक्सिजनचं गणित तोंडपाठ हवं

बी टाइपच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. पेशंटला मिनिटाला ५ लिटर चालू असेल, तर १५०० भागिले ५, म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. २ लिटर असेल तर बारा तासांहून जास्त. १० लिटर असेल तर अडीच तास, आणि १० लिटर लागणारा पेशंट मुळात आपल्या गाडीतला नाही. सिलिंडरच्या प्रेशर-घड्याळाचा काटा अर्ध्यावर असेल, तर हे सगळे आकडे निम्मे करायचे. निघण्यापूर्वी प्रवासाचा जो वेळ काढला, त्याच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा ऑक्सिजन गाडीत असावा: चिमठाण्याच्या अलीकडे टायर फुटला किंवा राहुड घाटात ट्रक आडवा झाला, तरी पेशंटला कमी पडता कामा नये. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावायचा नाही. भरलेला आणि रिकामा यांवर वेगळी पाटी. रोज सकाळी काटा बघून वहीत लिहायचं आणि सही करायची.

पैशाचं गणित

पुढचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले भरावेत. समजा कर्जाचा हप्ता, दोन ड्रायव्हर, एक सोबतीण, विमा, फोन असा महिन्याचा बांधील खर्च ७५,००० रुपये आहे आणि गाडी महिन्याला २५ दिवस चालते. म्हणजे चाक फिरण्याआधीच रोजचे ३,००० रुपये झाले. दोंडाईचा-धुळे जाऊन-येऊन १२० किलोमीटर. १२ चं ॲव्हरेज आणि डिझेल ९० रुपये धरलं तर ९०० रुपये. टायर, ऑइल, दुरुस्तीचे ४००. दिवसाला एकच फेरी असेल तर ती ४,३०० ला पडते. दोन फेऱ्या असतील तर बांधील खर्च वाटला जातो आणि फेरी २,८०० वर येते. त्या फेरीत तीन डायलिसिसचे पेशंट असतील, तर माणशी ९३३ रुपये.

४,३०० आणि ९३३ यांमधला फरक म्हणजेच नियोजन. शेतमजुराच्या घराला आठवड्यातून दोनदा ४,३०० कधीच झेपणार नाहीत. मग एक डायलिसिस चुकतं, पुढचं चुकतं, आणि पेशंट सुजून, धाप लागून १०८ मधून दाखल होतो. ९३३ सुद्धा थोडे नाहीत. पण त्यात घरचा माणूस कामावर जाऊ शकतो, त्याचा रोज बुडत नाही. दोन ड्रायव्हर हा खर्चही टाळू नये. पहाटे सुरतेहून आलेल्या माणसाला पुन्हा सात वाजता धुळ्याला पाठवणं म्हणजे पेशंटसकट अपघाताला निमंत्रण.

भांडवलासाठी २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. बँकेत जाताना गाडीच्या कोटेशनसोबत वर सांगितलेलं वारांचं वेळापत्रकही न्यावं.

दर, कट आणि इभ्रत

भाड्याच्या बाबतीत या धंद्याचं नाव खराब झालं ते कोरोनाच्या काळात. काही किलोमीटरसाठी हजारो रुपये उकळल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ॲम्ब्युलन्सचे वाजवी दर ठरवायला सांगितलं. जिल्ह्याच्या परिवहन प्राधिकरणाने ठरवलेले दर काय आहेत ते विचारून घ्यावेत आणि दरपत्रक गाडीत, पेशंटच्या नातेवाइकाला वाचता येईल असं लावावं. वेटिंगचा दर, रात्रीचा दर, पेशंट वरच्या मजल्यावर असेल तर काय, सगळं आधी लिहिलेलं. पावती प्रत्येकाला.

आणि कट घ्यायचा नाही. अमुक दवाखान्यात पेशंट नेला की ड्रायव्हरच्या खिशात पाकीट पडतं, हे दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही मी नव्याने सांगायला नको. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना निषिद्ध आहे. जे डॉक्टरला निषिद्ध, ते गाडीवाल्याला शोभत नाही. कुठे जायचं ते पेशंटच्या घरच्यांनी आणि त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आपण तिथे सुखरूप पोचवायचं.

मग गरिबाला कमी भाडं कसं परवडेल? याचं एक उत्तर मुंबईत शोधलं गेलं. २००५ मध्ये काही मित्रांनी तिथे १२९८ नंबरची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू केली. पुढे तीच झिकित्झा हेल्थ केअर म्हणून ओळखली गेली. त्यांची पद्धत साधी होती. पेशंट कोणत्या दवाखान्यात जातो त्यावर भाडं. महागड्या खासगी दवाखान्यात जाणाऱ्याला पूर्ण, सरकारी दवाखान्यात जाणाऱ्याला सवलतीचं. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, केविलवाणं तोंड करायला लावायचं नाही. २००७ मध्ये अक्युमन फंड या संस्थेने या कल्पनेत गुंतवणूक केली. २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री याच गाड्या जखमींना नेत होत्या.

ही पद्धत दोंडाईच्यालाही लागू पडते. भाच्याच्या दरपत्रकात आम्ही दोनच रकाने केले: सरकारी आणि खासगी. सुरतेच्या खासगी दवाखान्यातून परतणाऱ्याच्या भाड्यातला काही भाग सरकारी डायलिसिसला जाणाऱ्याची फेरी हलकी करतो. हे आम्ही दरपत्रकावरच लिहिलं आहे, लपवलेलं नाही. पूर्ण भाडं देणाऱ्यालाही आपले पैसे कुठे जातात ते कळलं पाहिजे.

गाडी घेण्याआधीचा महिना

कर्जाचा अर्ज भरण्याआधी एक वही घ्या आणि महिनाभर फिरा. औषधांच्या दुकानांत विचारा, की डायपर, कॅथेटर, एअर बेड कोणत्या गावांत जातात. अंथरुणाला खिळलेला पेशंट तिथे आहे. आशाताईंना विचारा, प्रत्येक घर त्यांना माहीत असतं. फिजिओथेरपिस्टला भेटा. धुळ्या-नंदुरबारच्या डायलिसिस केंद्रांत जाऊन परवानगीने नातेवाइकांशी बोला: कोणत्या गावचे, कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कशाने येता, किती देता, गेल्या महिन्यात किती वेळा चुकलं. सावलीत गाडी उभी करायला जागा कुठे, स्ट्रेचरसाठी उतार कोणत्या दाराला, कोणती लिफ्ट बंद असते, तेही लिहा. सकाळच्या पाळीला नेमकं किती वाजता पोचावं लागतं ते पाहा. घरी गेलात तर पायऱ्या मोजा, दाराची रुंदी मोजा.

वहीत नियमित जाणारे सहा पेशंटसुद्धा मिळाले नाहीत, तर गाडी घेऊ नका. एखाद्या चालत्या ॲम्ब्युलन्सवाल्याबरोबर भागीदारीत सोबतीचं आणि उचलण्याचं काम करा, माणसं जोडा, आणि मग बघा. मिळाले, तर त्या सहा घरांना तारीख द्या आणि ती पाळा. पुढे महिन्याच्या शेवटी नफा-तोट्याच्या आधी एकच गोष्ट तपासा: वहीतल्या कोणाचं डायलिसिस गाडीअभावी चुकलं का? चुकलं नसेल आणि रोजच्या दोन फेऱ्या भरत असतील, तर बांधील खर्च निघाला असेल, आणि वर येणारी प्रत्येक डिस्चार्जची फेरी ही कमाई असेल. पेशंटचं भलं आणि धंद्याचं भलं एकाच रकान्यात लिहिता येतं असे व्यवसाय थोडे आहेत. आमच्या भागातल्या तरुणांनी हा करावा, आणि शिकून करावा.